उन्हाची दरबारभेट

९ जून, सोमवार

आज दरबार संपला तरी नाना, म्हणजे आमचे राजे, आसनावरून उठले नाहीत. उठायला गेले, अर्धे उठले, चेहरा वाकडा केला आणि परत बसले. सगळी माणसं बघत होती. मी ताबडतोब हातातला सोनेरी दंड उंच केला आणि जाहीर केलं, "आसेनक्रोमच्या प्रजेवर नानांचा इतका जीव आहे की दरबार संपला तरी त्यांचा पाय निघत नाही." लोक इतके खूश झाले की तेही परत बसले. त्यांना घालवता घालवता माझ्या नाकी नऊ आले. अंगण रिकामं झाल्यावर मी आणि छत्रीवाला तानो, दोघांनी दोन बाजूंनी काखेत हात घालून नानांना उभं केलं.

वाक्य मात्र झकास जमलं होतं.

ओडविराचा सण चार महिन्यांवर आलाय. त्या दिवशी नानांना पालखीतून उतरून, हातात तलवार घेऊन, मोठ्या नगाऱ्यांवर सगळ्या गावासमोर नाचायचं असतं. अंगात व्यंग असलेला माणूस आमच्या आसनावर बसत नाही, आणि बसल्यावर व्यंग आलं तर त्याला उतरवतात. मला भीती वाटते. हे इथे लिहितोय, तोंडाने कुणाला बोललेलो नाही.

१२ जून

शेवटी बायकोला बोललो. दुफिए मिरच्या वाटत होती, तिने मान वर केली नाही.

"गावभर झालंय," ती म्हणाली. "नाना बदकासारखे डुलत चालतात, हे शेंगदाणेवालीलाही माहीत आहे. ठाऊक नसलेले तुम्ही एकटेच. सरकारी दवाखान्यात नवी डॉक्टरीण आलीय, तिला बोलवा."

मी तिला समजावलं की राजा आजारी पडतो असं आमच्यात म्हणतच नाहीत. राजा फार तर विश्रांती घेतो. आणि डॉक्टरला काय सांगायचं ते शेवटी मलाच सांगावं लागणार, कारण मी ओक्यामे. आसेनक्रोमचे नाना लोकांशी स्वतः बोलत नाहीत आणि लोक नानांशी बोलत नाहीत. मधे मी असतो. नाना माझ्या कानात हळूच सांगतात, मी ते आसनाला शोभेल असं करून मोठ्याने सांगतो. मागच्या नानांचं तोंडही मीच होतो. कच्चं बोलणं माझ्या कानातून आत जातं आणि शिजवलेलं तोंडातून बाहेर येतं, हे आजूबाजूच्या दहा गावांत मान्य आहे.

"मग डॉक्टरणीला कच्चंच वाढा," दुफिए म्हणाली. बायकांना भाषेची जाण कमी असते.

१७ जून, मंगळवार

डॉक्टरीणबाई राजवाड्यावर आल्या. नाव अराबा एसुमन, किनाऱ्याकडच्या, वयाने आमच्या थोरलीएवढ्या. आल्या आल्या सरळ नानांकडे तोंड करून म्हणाल्या, "काय होतंय, नाना?" सगळे सरदार एकदम खाकरले. मी त्यांना बाजूला घेऊन रीत सांगितली. प्रश्न मला विचारायचा, उत्तर मी देणार, आणि नानांना एकट्याने कुणी भेटायचं नाही.

"मग तपासू पण तुम्हालाच का, मामा?" त्या म्हणाल्या. मुलगी चलाख आहे.

नाना माझ्या कानात म्हणाले, "मांड्या दुखतात. हाडात, आतून. बसलो की उठवत नाही. रात्री कूस बदलली तरी जीव जातो."

मी दंड टेकला. "नाना म्हणतात, त्यांची पावलं पूर्वजांच्या भूमीशी अखंड संवाद करत असतात. आसनाचा त्यांना असा लळा आहे की ते सोडवत नाही. आणि प्रजेच्या काळजीने रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "झोप नाही. बरं. आणि चालताना?"

नाना कुजबुजले, "बदकासारखा डुलतो रे. पोरं हसतात."

"नानांच्या चालीला आताशा पूर्वी नव्हता असा राजेशाही डौल आला आहे," मी म्हणालो.

"म्हणजे चाल सुधारली," असं म्हणत त्यांनी तेही लिहिलं. मग पिशवीतून एक छोटा रबरी हातोडा काढला आणि कुणाला काही कळायच्या आत नानांच्या गुडघ्यावर मारला. नानांचा पाय उडाला. तलवारधारी पुढे झाला, तानोने छत्री आडवी धरली, एका सरदाराने बसल्या जागी देवाचं नाव घेतलं. नानांवर हात उचलल्याबद्दल तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना एक मेंढी आणि श्नॅप्स दारूची बाटली असा दंड झाला.

"दुसरा गुडघा राहिलाय," त्या म्हणाल्या. "दोन्हींची मिळून एकच मेंढी चालेल का?"

शेवटी झोपेच्या गोळ्या लिहून देऊन गेल्या. मी निश्चिंत झालो. आजार कळला, औषध मिळालं, आणि आसनाच्या प्रतिष्ठेला धक्का लागला नाही.

२३ जून

आज कोको-बागेच्या बांधाचा तंटा होता. दोन्ही भाऊ तावातावाने बोलत होते आणि नाना घोरू लागले. झोपेच्या गोळ्या उत्तम आहेत, मला वाटलं होतं त्याहूनही.

मी सांगितलं, "नाना म्हणतात की हा तंटा इतका जुना आहे की त्याचं उत्तर खोल जाऊन आणावं लागेल. ते आता खोल गेले आहेत."

यावर सरदार अग्येकुम मोठ्याने हसले. हे आमचे क्रोन्तीहेने, म्हणजे नानांच्या खालोखालचे. बायको राजघराण्यातली, त्यामुळे मुलगा आसनाच्या रांगेत उभा. मुलगा धडधाकट आहे, लग्नाच्या वरातीत दोन-दोन तास नाचतो. अग्येकुम जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ओक्यामे, तुमचं भाषांतर घोरण्यापेक्षा लांब होतं. ओडविराला काय करणार? नगारे वाजताना नानांच्या जागी तुम्ही नाचणार का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण उत्तर सुचलं ते घरी आल्यावर.

१ जुलै, मंगळवार

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी मेंढी आधीच बरोबर आणली होती, दाराशी बांधली आणि म्हणाल्या, "आता तासभर मला कुणी अडवायचं नाही." दोन्ही गुडघे ठोकले, मांड्या दाबल्या. दाबल्यावर नानांनी असा आवाज काढला की मलाही त्याचं काही सुंदर करता आलं नाही.

"मामा, हे काय होतं?"

"नानांनी... उद्गार काढला."

"दुखलं ना त्यांना? मला आजार सांगा हो, काव्य नको. मी त्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि माणूस हाडांनी हैराण आहे."

मला फार वाईट वाटलं. माझ्या बोलण्याला काव्य म्हणणारे बरेच आहेत, पण नको म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. तरी मी त्यांच्या सगळ्या प्रश्नांना नेमकी उत्तरं दिली. खाणं काय? सुरण, फुफू, रानातलं मांस. अंडं आणि मासा आसनाला वर्ज्य. बाहेर जातात का? रोज लोकांसमोर असतात. आसनावर येण्याआधी काय करायचे? लाकडं वाहणारा ट्रक चालवायचे, चाक निखळलं तर एकटे उचलायचे.

यावर नाना माझ्या कानात म्हणाले, "ट्रकवर होतो तेव्हा कधी काही दुखलं नाही." ते मी सांगितलं नाही. राजाला ट्रकची आठवण येते, हे बरं दिसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणाचा फोटो काढायला सांगितलंय.

८ जुलै

जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन फोटो काढून आलो. यंत्र चालवणारा मुलगा आसेनक्रोमचाच निघाला, चांगल्या वळणाचा. नानांना टेबलावर झोपवलं. राजाचे उघडे पाय जमिनीला लागू नयेत अशी रीत, म्हणून वहाणांसकट. तानो छत्री उघडून उशाशी उभा राहिला. मुलगा हळूच म्हणाला, "छत्री जरा..." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तानोला अंगावर घालायला शिशाचा जड अंगरखा दिला आणि पुढे एक अक्षर बोलला नाही. असे तरुण अजून आहेत हे पाहून समाधान वाटलं.

११ जुलै, शुक्रवार

आज एक विचित्र गोष्ट झाली.

डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात बोलावलं. फोटो उजेडाच्या पेटीवर लावला होता आणि त्या त्याच्याकडे तोंडात पेन धरून बघत होत्या. नानांच्या कमरेच्या हाडांवरून चारी बाजूंना लांब पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, मध्ये एक ठिपका.

"मामा, मी शिकताना हे कुठेही पाहिलं नाही. कुमासीच्या मोठ्या इस्पितळातल्या सरांना विचारलं, त्यांनीही पाहिलं नाही. ते यावर लेख लिहू म्हणतायत. असा आजार जगात नाही."

मी पाहिलं आणि म्हणालो, "ही छत्री आहे."

"काय आहे?"

"आमची छत्री. ह्या तिच्या काड्या. ही उजवीकडची जरा वाकलीय, ती गेल्या सणाला वाकली."

त्यांनी वाकलेल्या काडीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "क्ष-किरणाच्या खोलीत. छपराखाली. छत्री."

मी म्हटलं, आता विषय निघालाच आहे तर मुलीला जरा संस्कार समजू देत. मागच्या नानांपर्यंत सावलीची शिस्त फार ढिली होती, राजे खुशाल अंगणात उघड्यावर फिरायचे. हे नाना आले तसं मी ते बंद केलं. खोलीपासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून गाडीपर्यंत, गाडीपासून मांडवापर्यंत नानांच्या डोक्यावर छत्री असते आणि अंगावर घोट्यापर्यंत वस्त्र. "आसनावर आल्यापासून तीन वर्षांत," मी छाती पुढे काढून सांगितलं, "नानांच्या अंगावर तळहाताएवढंही ऊन पडलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडातलं पेन पडलं. शेवटी एकदा त्यांना आमच्या परंपरेचं मोल कळलं.

मग त्या एकदम फोटोजवळ गेल्या. एक एक काडी बोटाने मोजून बाजूला काढल्यासारखं केलं आणि मांडीच्या हाडापाशी थांबल्या. "ह्या दोन छोट्या रेघा छत्रीच्या नाहीत," म्हणाल्या. "मामा, उद्या रक्त घ्यायला येते. दंड ठोठावायची तयारी ठेवा. या वेळी मी दोन द्यायला तयार आहे."

१२ जुलै, शनिवार

नानांचं रक्त काढलं. राजाचं रक्त असं कुणाच्याही पिशवीतून जाऊ शकत नाही, म्हणून मी स्वतः ती नळी घेऊन बसने कुमासीला गेलो. मांडीवर दंड, हातात नळी, नळीवर दुफिएची लहान छत्री. शेजारी कोंबड्या घेऊन बसलेली बाई रस्ताभर माझ्याकडे बघत होती. उतरताना म्हणाली, "काका, तुम्हालाही दाखवून घ्या त्याच दवाखान्यात."

१८ जुलै

निकाल आला. नानांच्या अंगात ऊन नाही.

मी तीनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. उन्हाने कातडीत एक द्रव्य तयार होतं, त्याने हाडं घट्ट राहतात. ते मासे-अंड्यांतूनही थोडं मिळतं, पण तेही आसनाला वर्ज्य. ते संपलं की हाडं मऊ पडतात, मांड्यांत बळ राहत नाही, बारीक तडे जातात. थंड देशात घरात कोंडलेल्या म्हाताऱ्यांना होतं म्हणे.

"पण बाई, इथे?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर शेळ्यासुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून उभ्या होत्या.

"इथेच. मी सगळे आजार तपासले, हा नाही तपासला. आसेनक्रोममध्ये कुणाला उन्हाची कमतरता पडेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही."

औषध आहे. पण दवाखान्यातली कॅप्सूल माशाच्या तेलाची निघाली. दुसऱ्या गोळ्या राजधानीहून मागवल्यात, त्यांना दोन-तीन आठवडे लागतील. "आणि गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळी अर्धा तास ऊन," त्या म्हणाल्या. "उघड्या खांद्यांवर, उघड्या पायांवर. छत्री बंद. गोळ्या आज नाही उद्या संपतील, मामा, छत्री नाही संपणार. नाहीतर वर्षभराने हे पुन्हा."

मी म्हणालो, "छत्री बंद म्हणजे नाना आसनावरून उतरले."

"मी वैद्यकीय सांगितलं. शब्द तुमचं खातं."

२० जुलै, रविवार

नानांच्या पायाला शेक देत होतो. ते म्हणाले, "अफ्रियी, उतरवतील ना मला?"

ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत. मी काहीतरी मोठं, गोड बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "नको. फक्त हो किंवा नाही सांग."

मी नाही म्हणालो. खोटं बोललो असं वाटतंय. हा माणूस आसनावर आला तेव्हा उचलून घेतलेल्या पोरासारखा लाजत होता, आणि आता तीन वर्षांत त्याने गावात पाणी आणलं, शाळेला छप्पर घातलं, एकाही विधवेची जमीन जाऊ दिली नाही. त्याला दोन मांड्यांपायी घरी पाठवतील. मला हे सहन होणार नाही. माझं पद जाईल हे आहेच, पण ते दुसरं.

२४ जुलै, गुरुवार

जमलं. मी हे लिहिताना हसतोय.

आज सरदारांच्या सभेत मी दंड आपटून उभा राहिलो. म्हणालो, "एका पाहुण्याने नानांच्या भेटीची परवानगी मागितली आहे. फार दुरून येतो. रोज राजवाड्यावरून जातो, पण तीन वर्षांत त्याला एकदाही आत बोलावलेलं नाही. तो म्हणतो, आसेनक्रोमच्या पाहुणचाराची एवढी ख्याती, मग मला छत्री आडवी लावून बाहेर का ठेवता?"

"कोण हा?" म्हातारे सरदार कळवळून म्हणाले. पाहुण्याला बाहेर ठेवलं म्हटल्यावर आमच्यात कुणालाही राहवत नाही.

"सूर्य," मी म्हणालो.

अग्येकुम उठले. "आणि पाहुणा भेटायला आला की नाना खांदा उघडा करणार म्हणे? खांदा उघडा करतात तो वरच्यापुढे. म्हणजे नाना सूर्याचे मांडलिक झाले का?"

"वरचा म्हणून नाही," मी म्हणालो. "वडीलधारा म्हणून. वयाने मोठा कोण, सरदार? तुम्हीच सांगा."

अग्येकुमना सूर्य नानांपेक्षा लहान आहे असं काही म्हणता येईना.

"आणि छत्री?"

"छत्री उघडीच राहील. आसनावर. नाना तीन पावलं पुढे येऊन पाहुण्याला सामोरे जातील, तेवढ्या वेळात आसनाला ऊन लागू नये म्हणून छत्री तिथेच थांबेल."

एक म्हातारे सरदार म्हणाले की हे तर आपण आधीच करायला हवं होतं, सूर्य काय म्हणाला असेल. ठराव झाला. राजमाता हॅम्बुर्गला लेकीकडे नातवंडं सांभाळायला गेल्यात, त्यांनीही फोनवरून होकार कळवला. वर म्हणाल्या, तिकडे तो पाहुणा मिळतच नाही, जमलं तर थोडा पाठवून द्या.

२८ जुलै, सोमवार

पहिली भेट. मागचं अंगण झाडून घेतलं. तानो रिकाम्या आसनावर छत्री धरून उभा. नाना लहान चौरंगावर, गुडघ्याएवढं वस्त्र, खांदे उघडे, पाय मेंढीच्या कातड्यावर. रीतीप्रमाणे मी पाहुण्याला पाणी दिलं, म्हणजे जमिनीवर ओतलं, आणि विचारलं, "आमच्याकडे सर्व कुशल आहे. आपलं येणं कशासाठी झालं?"

यावर पाहुण्याच्या बाजूने उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग मीच पलीकडे जाऊन सूर्याचा ओक्यामे झालो. "विशेष काही नाही, सहज डोकावलो," असं सूर्याच्या वतीने सांगितलं. नाना इतके हसले की चौरंगावरून घसरायची वेळ आली.

अग्येकुम पाहणी करायला आले होते. पाहुणा बसलेला असेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम त्यांनीच एकदा एका लग्नात सगळ्यांना सुनावला होता. टक्कल आहे त्यांना. शेवटी शेवटी त्यांनी डोक्यावर सभेचा कागद धरला.

५ ऑगस्ट

ढग. पाहुणा आलाच नाही. निरोपही नाही. मी दरबारात जाहीर केलं की पाहुण्याची तब्येत... आणि थांबलो. म्हणालो, पाहुणा विश्रांती घेतोय.

गोळ्या मात्र आल्या. माशाच्या नाहीत, डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं.

९ ऑगस्ट

पुन्हा ढग. ह्या महिन्यात पाहुण्याची वागणूक बेजबाबदार आहे. मी पाणी ओतून उभाच.

१९ ऑगस्ट

आज भेट चांगली तासभर चालली. नाना म्हणाले, रात्री कूस बदलली आणि जाग आली नाही. मी ते डॉक्टरीणबाईंना सांगायला लागलो, "नानांची शय्या आता..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कूस बदलता येते." चवच नाही अशा बोलण्याला. पण त्यांनी लगेच लिहून घेतलं आणि हसल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

आज नाना चौरंगावरून स्वतः उठले. आम्ही दोघं हात पुढे करून उभे होतो, त्यांनी आमच्याकडे लक्षच दिलं नाही. उठले, परत बसले, परत उठले. असं चार-पाचदा. तानो छत्रीमागे तोंड लपवून रडत होता. मीही रडलो, पण मी दंड धरून रडलो.

दुफिए म्हणाली, "ऊनच लागत होतं तर एवढा खटाटोप कशाला? रस्त्यावर फुकट पडलंय." मी तिला सांगितलं, पडलेलं होतं, पण त्याला रीतसर बोलावणारा लागतो.

अग्येकुम गावभर सांगत फिरतायत की चौरंगावरून उठणं निराळं आणि तलवार घेऊन नाचणं निराळं. मुलाला त्यांनी नवं वस्त्र शिवलंय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या सण. डॉक्टरीणबाई म्हणतात, तडे भरून आलेत, बळ बरंच आलंय, पण नाचाची खात्री त्या देणार नाहीत. "थोडंच नाचू द्या, मामा. पडले तर हाड मोडेल."

पडले तर आसनही जाईल.

४ ऑक्टोबर, शनिवार

जेवायला न थांबता लिहितो.

पालखी मैदानात टेकली. नगारे सुरू झाले. सगळं गाव, शेजारची गावं, शहरातून आलेली पोरं, सगळे नानांच्या पायांकडे बघत होते. एरवी लोक राजाच्या तोंडाकडे बघतात. अग्येकुम आणि मुलगा पहिल्या रांगेत. नाना माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, काही जाहीर करायचंय. ते म्हणाले, "अफ्रियी, भीती वाटते."

मी काही जाहीर केलं नाही. म्हणालो, "मलाही."

नाना उतरले. एक पाऊल, दुसरं. तलवार वर गेली. आधी नुसते खांदे हलले, मग गुडघे वाकले, आणि ते सरळ वर आले. मग नगाऱ्यांनी वेग घेतला आणि त्यांनीही घेतला. वाकले, फिरले, तलवार आकाशाकडे, जमिनीकडे, स्वतःच्या छातीकडे. मध्येच डुलले. पण ते डुलणं नाचातलं होतं. मग कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. म्हाताऱ्या बायका अंगावरची वस्त्रं पंख्यासारखी हलवत पुढे आल्या. अग्येकुमचा मुलगा नव्या वस्त्रासकट नाचायला लागला, त्याला राहवेना. पोरगं मनाने वाईट नाही.

नाच थांबला. नाना धापा टाकत उभे होते, कुणाचाही आधार न घेता. त्यांनी गर्दीतून डॉक्टरीणबाईंना पुढे बोलावलं आणि माझ्या कानात म्हणाले, "तिला सांग, दुखत नाही."

मी दंड उंच केला. नगारे थांबले. ह्या क्षणासाठी मी महिनाभर एक वाक्य घडवून ठेवलं होतं. त्यात नदी होती, बिबट्या होता, सात पिढ्या होत्या. पण त्यातलं काही म्हणजे काही बाहेर येईना.

"नाना म्हणतात," मी म्हणालो, "दुखत नाही."

लोक पुढच्याची वाट बघत राहिले. नगारेवाल्यांनी टिपऱ्या वर धरल्या होत्या, माझं वाक्य संपलं की वाजवायच्या. पुढे काही नव्हतं.

त्या शांततेत अग्येकुम म्हणाले, "म्हणजे इतके दिवस दुखत होतं?"

मी नानांकडे पाहिलं. ते माझ्या कानाशी आले, आणि मी होतं तसं सांगून टाकलं. "नाना म्हणतात, फार दुखत होतं. आता मी इथे उभा आहे. उतरवायचं असेल तर या, नाचून दाखवा."

अग्येकुम जागेवरून हलले नाहीत. मागून एक म्हातारी म्हणाली, "माझेही गुडघे दुखतात हो, डॉक्टरीणबाई, मी पण कुणाला सांगितलं नव्हतं." तिच्या मागून तिची बहीण, मग जावई, मग एक सरदार, आणि बघता बघता मैदानातल्या अर्ध्या लोकांना काही ना काही दुखायला लागलं. नाना मोठ्याने हसले. नगारे पुन्हा सुरू झाले.

त्या गर्दीत डॉक्टरीणबाई डोळे पुसत माझ्यापाशी आल्या. "मामा," त्या म्हणाल्या, "हे एवढंच पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर?"

मी दंड उचलला, घसा साफ केला, आणि कच्चंच वाढलं, "चुकलं, बाई."